उचलणाऱ्याच्या बाजूचा पडदा

कराडला राहणाऱ्या माझ्या मावशीला व्हिडिओ कॉल केला, की पहिले अर्धे मिनिट पडद्यावर फक्त तिचा कान दिसतो. कानातली कुडी, कुडीमागे पांढऱ्या केसांची एक बट आणि त्यापलीकडे छताच्या पंख्याचे पाते. "हॅलो, कोण बोलतंय? अरे, मोठ्यानं बोल की जरा," असे ती म्हणते आणि मी "मावशी, फोन समोर धर, व्हिडिओ आहे" असे ओरडून सांगतो. आमच्या घरात हा कायमचा विनोद झाला आहे आणि मीही बराच काळ त्यावर हसत होतो. चूक मावशीची नाही हे फार उशिरा लक्षात आले. जन्मभर शाळेत शिकवलेल्या या बाईला वाचता येत नाही असे नाही. पडद्यावर 'व्हिडिओ कॉल' अशी बारीक अक्षरे होतीच. पण वाजणारी घंटा आणि हिरवा गोल तिला जे सांगत होते, ते त्या अक्षरांपेक्षा कितीतरी जुने आणि ठाम होते. फोन आला आहे, उचल. तिने उचलला आणि सवयीने कानाला लावला. आपला कॅमेरा सुरू झाला आहे, समोरच्याला आपले घर दिसते आहे, हे तिच्या गावीही नव्हते. समोर मी होतो म्हणून तो विनोद ठरला.

कॉल करणारा आणि कॉल घेणारा यांची स्थिती कधीच सारखी नसते. करणाऱ्याने वेळ निवडलेली असते, माणूस निवडलेला असतो, आवाज पुरे की चेहराही हवा हे ठरवलेले असते, आणि काय बोलायचे याची जुळवाजुळवही बहुधा मनाशी झालेली असते. घेणाऱ्याच्या वाट्याला येतात थोडे सेकंद, ओले हात आणि एक वाजणारी वस्तू. असे असताना मेसेजिंग अ‍ॅपमधील कॉलची मांडणी आजवर मुख्यतः करणाऱ्याच्या सोयीने होत आली आहे, असे माझे म्हणणे आहे. ती घेणाऱ्याच्या बाजूने नव्याने व्हायला हवी, आणि ती कशी असावी हा प्रश्न कंपनीतल्या डिझायनरांच्या आवडीनिवडीवर सोडून देण्याइतका खासगी राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञानाचे नवे नियम जाहीर करताना केंद्र सरकारने भारतातील व्हॉट्सअ‍ॅप वापरणाऱ्यांची संख्या ५३ कोटी सांगितली होती. इतक्या लोकांच्या हातात वाजणाऱ्या पडद्याकडे चौकातल्या सिग्नलकडे पाहावे तसे पाहायला हवे. लाल दिवा कुठे असावा हे तो बनवणाऱ्याने एकट्याने ठरवू नये.

चेहरा दाखवणाऱ्या फोनची हौस जुनी आहे. १९६४ च्या न्यूयॉर्कमधील जागतिक प्रदर्शनात अमेरिकेच्या बेल कंपनीने 'पिक्चरफोन' मांडला आणि १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात त्याची सेवाही सुरू केली. ती चालली नाही. यंत्र महाग होते आणि ज्याला फोन करायचा त्याच्याकडे ते नसे, ही कारणे खरीच. पण घरात आपण कसेही बसलेलो असताना दुसऱ्याच्या इच्छेने त्याला दिसावे, याची लोकांना फारशी ओढ नव्हती हेही खरे. आपल्याकडे यंत्राची किंमत आणि डेटाची किंमत हे दोन्ही अडथळे गेल्या दहा वर्षांत गळून पडले. तिसरा जिथे होता तिथेच राहिला. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाचे कॉल २०१५ मध्ये आले, चित्राचे नोव्हेंबर २०१६ मध्ये. पुढे गटाचे कॉल आले. २०१८ मध्ये चार जणांचे, २०२० च्या टाळेबंदीत आठ जणांचे, २०२२ मध्ये बत्तीस जणांचे. अनोळखी क्रमांकांवरून येणारे कॉल वाजूच नयेत अशी सोय मात्र जून २०२३ मध्ये आली, म्हणजे पहिल्या कॉलनंतर आठ वर्षांनी. आणि तीही सेटिंगमध्ये आत जाऊन स्वतः सुरू करावी लागते. कामे कोणत्या क्रमाने हाती घेतली गेली, यावरून ती कोणासाठी चालली होती हे कळते.

त्यातच २०१६ मध्ये आयफोनने बाहेरच्या अ‍ॅपचे कॉलही मूळ फोनच्याच पूर्ण पडद्यावर, तशाच बटणांनी दिसावेत अशी व्यवस्था अ‍ॅप बनवणाऱ्यांना दिली. सोय मोठी होती, कारण कुलूपबंद फोनवर अ‍ॅप शोधत बसावे लागेना. पण तिने एक भेदही पुसून टाकला. सिमच्या क्रमांकावर येणारा कॉल दूरसंचार कंपनीच्या नियमांखाली असतो, तर अ‍ॅपचा कॉल जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून, कोणाच्याही नावे काढलेल्या क्रमांकावरून येऊ शकतो. दोघांची वर्दी देणारा पडदा मात्र सारखाच दिसू लागला.

फोन वाजणे आणि उचलणे यांमधला काळ आपल्याला रिकामा वाटतो. प्रत्यक्षात तो सर्वांत गजबजलेला असतो. उचलल्याबरोबर आवाज यावा म्हणून दोन्ही फोन आधीपासूनच एकमेकांशी बोलणी सुरू करतात. कोणत्या मार्गाने जोडायचे, आवाज कोणत्या पद्धतीने बांधून पाठवायचा, चित्र किती मोठे ठेवायचे, हे सगळे घंटा वाजत असतानाच ठरत असते. या मधल्या काळात दार नीट लावलेले नसेल तर काय होते, हे २०१९ साली दोनदा दिसले. जानेवारीत अ‍ॅपलच्या फेसटाइममध्ये असा दोष उघड झाला, की गटाचा कॉल एका विशिष्ट रीतीने लावल्यास समोरच्याने उचलण्याआधीच त्याच्या खोलीतला आवाज ऐकू येई. कंपनीला गटाचे फेसटाइम काही दिवस बंदच ठेवावे लागले. मे महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने आपल्या कॉलच्या व्यवस्थेतले असे भगदाड बुजवले, ज्यातून नुसता कॉल लावून, तो उचलला नाही तरीही, फोनमध्ये हेरगिरीचे सॉफ्टवेअर उतरवता येत होते. इस्रायलच्या एनएसओ कंपनीच्या पेगासस या साधनाने सुमारे १,४०० फोन असे लक्ष्य केल्याचा आरोप व्हॉट्सअ‍ॅपने न्यायालयात केला आणि भारतातल्या वकिलांना, पत्रकारांना व कार्यकर्त्यांनाही त्या वर्षी तसे इशारे मिळाले.

हे दोष दुरुस्त झाले, पण एक गोष्ट दाखवून गेले: घेणाऱ्याची संमती हे कॉलचे खरे कुलूप आहे आणि बाकी सगळे त्यानंतरचे. सिग्नल या अ‍ॅपने ते यंत्राच्या पोटात ओळखले आहे. दोन फोन थेट जोडले गेले तर एकाचा इंटरनेटवरचा पत्ता दुसऱ्याला कळू शकतो, म्हणून यादीत नसलेल्या माणसाचा कॉल सिग्नल आपल्या सर्व्हरमार्फत फिरवून देते. ओळखीचा आणि अनोळखी यांत फरक करण्याची अक्कल तंत्रात आधीच आहे. वापरणाऱ्याला दिसणाऱ्या पडद्यावर तिचा मागमूस अगदी कमी असतो, एवढेच.

उलट, पडदा करणाऱ्याला जे सांगतो ते पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लावला की आधी 'कॉल करत आहे' असे येते आणि समोरच्याच्या फोनपर्यंत निरोप पोहोचला की 'रिंग होत आहे' असे येते. शब्दांचा हा एवढासा बदल, पण त्यातून करणाऱ्याला कळते की समोरचा फोन चालू आहे, नेट चालू आहे आणि तो वाजतो आहे. "वाजत होता तुझा फोन, मग घेतला का नाहीस?" हे भांडण जुन्या लँडलाइनच्या काळात रंगत नसे, कारण "घरात नव्हतो" हे उत्तर तेव्हा उपलब्ध होते. सासरच्या माणसांपासून साहेबापर्यंत अनेकांच्या हातात या दोन शब्दांनी एक हजेरीपुस्तक दिले आहे. घेणाऱ्याला त्याबदल्यात समोरच्याविषयी काय कळते? एक नाव, तेही आपण जतन केलेले असेल तर. नाहीतर दहा आकडे आणि कोणीही कुठूनही उचलून लावलेला एक फोटो.

कॅमेऱ्याचा प्रश्न याहून अवघड आहे. व्हिडिओ कॉल वाजत असताना कित्येक अ‍ॅपमध्ये घेणाऱ्याला पडदाभर स्वतःचाच चेहरा दिसतो, कारण त्याचा कॅमेरा आधीच जागा झालेला असतो, आणि उचलताक्षणी तो चेहरा पलीकडे जातो. गुगलने ऑगस्ट २०१६ मध्ये काढलेल्या ड्युओ या अ‍ॅपने अगदी उलट मांडणी करून पाहिली होती. तिथे वाजत असतानाच कॉल करणाऱ्याचे चालू चित्र घेणाऱ्याला दिसे, आणि त्या सोयीचे नावच 'नॉक नॉक' असे दारावरच्या टकटकीचे होते. मला ती कल्पना त्या काळी थोडी पोरकट वाटली होती. आज वाटते की, निदान ओळखीच्या माणसांपुरती, तिच्यामागची नीती सरळ होती: जो दारात आला आहे त्याने आधी चेहरा दाखवावा, घरातल्याने नंतर. ड्युओ २०२२ मध्ये गुगल मीटमध्ये विलीन झाले. रूढ झाली आहे ती दुसरी रीत, आणि तिचा फायदा कोणी घेतला हे पोलीस ठाण्यातला कोणताही सायबर हवालदार सांगेल. अनोळखी क्रमांकावरून व्हिडिओ कॉल येतो, माणूस कुतूहलाने उचलतो, पलीकडे अश्लील चित्रफीत चालू असते, दहा सेकंदांत दोन्ही चेहरे एका चौकटीत टिपले जातात आणि मग खंडणीचे फोन सुरू होतात. या संपूर्ण गुन्ह्याला लागणारी एकमेव तांत्रिक गोष्ट म्हणजे उचलताच आपोआप सुरू होणारा कॅमेरा. पहिल्या कॉलला कॅमेरा बंद ठेवला आणि तो उघडण्यासाठी वेगळे बटण दाबावे लागले, तर हा धंदा संपणार नाही. पण त्याचा सर्वांत सोपा रस्ता बंद होईल.

'डिजिटल अटक' नावाच्या फसवणुकीत तर कॉल हेच हत्यार आहे. खाकी वर्दीतला माणूस, मागे अशोकस्तंभाचे चित्र, तुमच्या नावे पार्सलात अमली पदार्थ सापडल्याची बतावणी, आणि मग एकच आज्ञा पुन्हा पुन्हा: कॉल कट करायचा नाही. माणसे घरातल्या खोलीत तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस, चालू कॅमेऱ्यासमोर बसून राहिली आहेत. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांना सांगावे लागले की कायद्यात अशी कोणती अटक अस्तित्वात नाही. सरकारने मार्च २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२४ या एका वर्षात अशा आणि याला जोडून येणाऱ्या गुन्ह्यांच्या १,२३,६७२ तक्रारी आल्या आणि सुमारे १,९३५ कोटी रुपये गेले. यावर उपाय म्हणून काय केले, तर सायबर फसवणुकीची सूचना कॉलर ट्यून म्हणून ऐकवली. पुढे ती अमिताभ बच्चन यांच्या आवाजात आली. सूचना योग्यच होती, पण कॉलर ट्यून ऐकतो तो कॉल करणारा. मावशी मला फोन लावताना ती सूचना ऐकत होती. भामट्याचा व्हिडिओ कॉल तिला आला असता तर तिच्या कानावर त्यातले अक्षरही पडले नसते. हितोपदेशसुद्धा आपण चुकीच्या टोकाला बसवला.

इथे अ‍ॅप कंपन्यांचे ठरलेले उत्तर येते. कॉल पूर्णपणे कूटबद्ध आहेत, आत काय बोलले जाते ते आम्हाला दिसत नाही, त्यामुळे आम्ही काही करू शकत नाही. पहिली दोन वाक्ये खरी आहेत आणि ती तशीच खरी राहावीत असे मलाही वाटते. सरकारला कान लावता यावा म्हणून कूटबद्धता सैल करणे हा रोगापेक्षा वाईट उपचार ठरेल. तिसरे वाक्य मात्र पहिल्या दोहोंतून निघत नाही. हा क्रमांक तुमच्या यादीत नाही, याच्याशी पूर्वी तुमचे कधी बोलणे झालेले नाही, क्रमांक परदेशातला आहे, कॉल दोन तासांपासून चालू आहे आणि कॅमेरा सतत उघडा आहे, या सगळ्या गोष्टी मावशीच्या फोनला स्वतःलाच ठाऊक असतात. त्यासाठी एक शब्दही ऐकावा लागत नाही आणि काहीही कोणत्याही सर्व्हरवर पाठवावे लागत नाही. चाळीस मिनिटांनी तिच्याच पडद्यावर, फक्त तिला दिसेल असे, "या क्रमांकाशी तुमची ओळख नाही. कोणतेही पोलीस फोनवर अटक करत नाहीत. १९३० या सायबर मदत क्रमांकावर विचारा" असे यायला काय हरकत आहे? भामटे यावर तोड काढतील, अगदी. "आता एक खोटी सूचना येईल, तिकडे लक्ष देऊ नका" असेही सांगतील. तरीही दहांपैकी दोघे त्या ओळीपाशी थबकले, तर ती लिहिण्याचे श्रम वसूल झाले.

गंभीर आक्षेप वेगळेच आहेत. इशारे वाढले की लोक ते न वाचता पुढे सरकतात, हा त्यांतला पहिला. तो खरा आहे आणि म्हणूनच इशारा क्वचित आणि नेमक्या वेळी यावा. दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. ज्यांचा फोनच व्हिडिओ कॉल आहे, अशी माणसे आहेत. कर्णबधिरांना आवाजाचा कॉल निरुपयोगी आहे. भारतीय सांकेतिक भाषेत बोलायचे तर हात आणि चेहरा दिसायलाच हवा. कॅमेरा बंद ठेवून सुरू होणारा कॉल त्यांच्यासाठी मुका कॉल आहे. (गटाच्या कॉलमध्ये तर जो आवाज करतो त्याचीच चौकट मोठी होते, हातांनी बोलणारा कोपऱ्यात टिकलीएवढा राहतो. हेही कोणाला तरी डोळ्यांसमोर ठेवूनच ठरले आहे.) रत्नागिरी, रायगडच्या कित्येक घरांतले पुरुष वर्षानुवर्षे आखातात असतात आणि लेकरे बापाला पडद्यावरच ओळखतात. त्यांच्या आणि त्या पडद्यामध्ये मी आणखी एक बटण कशाला घालावे? यावर माझे उत्तर असे की ते बटण पहिल्यांदाच लागावे. एखाद्या माणसाला एकदा 'याचा व्हिडिओ थेट उघड' अशी मुभा दिली की ती कायम राहावी, आणि हवी तेव्हा काढून घेता यावी. शेजारची काकू कडी न वाजवता मागच्या दाराने येते, ती तिला आपण येऊ देतो म्हणून.

आखाताचा उल्लेख आला म्हणून सांगायला हवे की तिथल्या सरकारने याच प्रश्नाची जी सोडवणूक केली ती मला नको आहे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल चालत नाहीत. परवाना मिळालेल्या बोटिमसारख्या अ‍ॅपवरून बोलावे लागते. तिथे मुभा कोणाला द्यायची हे घेणारा ठरवत नाही, राज्य ठरवते. आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये, कॉल करणाऱ्याचे सिमच्या नोंदीतले नाव घेणाऱ्याला दिसावे अशी शिफारस केली आहे. ती दूरसंचाराच्या कॉलपुरती आहे, अ‍ॅपच्या कॉलना लागू नाही. आणि ती जशीच्या तशी अ‍ॅपवर आणावी असेही मला वाटत नाही. रिक्षावाल्याला किंवा घर दाखवणाऱ्या एजंटाला फोन करणाऱ्या प्रत्येक बाईचे कागदोपत्री नाव त्याच्या पडद्यावर झळकावे, यात सुरक्षितता कोणाची? शिवाय कागदावरचे नाव खरे असले म्हणून माणूस खरा ठरत नाही. मला नावापेक्षा नाते कळलेले हवे: ओळख आहे की नाही, पूर्वी कधी बोललो आहोत की नाही. सरकारने कंपन्यांकडून मागायचेच तर एवढे मागावे: पहिल्या कॉलला कॅमेरा बंद असेल, अनोळखी कॉल वेगळा दिसेल आणि वेगळा वाजेल, आणि कॉल ठेवण्याचे बटण कोणत्याही क्षणी, काहीही न शोधता, अंगठ्याखाली असेल. तिसऱ्या मागणीवर कोणी हसेल. पण व्हिडिओ चालू असताना थोड्या वेळाने बटणे आपोआप लपतात आणि घाबरलेल्या माणसाला लाल गोल सापडत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. पडद्यावर कुठेही बोट टेकवले की ती परत येतात, हे ज्याला माहीत आहे त्याला ते इतके स्वाभाविक वाटते की सांगावेसेही वाटत नाही.

बटणांवरच्या शब्दांबद्दलही बोलले पाहिजे. मराठीत आपण फोन घेतो, उचलतो, ठेवतो, कट करतो. फोनच्या मराठी पडद्यावर मात्र 'उत्तर द्या' आणि 'नकार द्या' अशा जातीचे शब्द असतात. 'नकार' हा आपल्याकडे लग्नाच्या स्थळाला देतात. एका ज्येष्ठ गृहस्थांना मी विचारले की नको असलेला कॉल तुम्ही बंद का करत नाही, वाजत का ठेवता, ते म्हणाले, "नकार कसा द्यायचा हो, वाईट दिसतं ते." त्यांना वाटत होते की पलीकडच्याला तसा शब्द दिसेल. 'आत्ता नको' किंवा 'नंतर' असे एवढेसे सौजन्य त्या लाल गोलाखाली असते, तर अनेकांना तो दाबायचे धैर्य झाले असते. भाषांतर करणाऱ्यासमोर बहुधा शब्दांची सुटी यादी असते, वाजणारा फोन नसतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण शब्द बसवण्याआधी तो पडदा कराडच्या किंवा कुडाळच्या चार म्हाताऱ्या माणसांसमोर वाजवून बघायला फार खर्च येत नाही.

मावशीच्या फोनमध्ये मी गेल्या वर्षी अनोळखी कॉल गप्प करण्याची ती सोय सुरू करून दिली आणि मोठी कामगिरी केल्यासारखा पुण्याला परतलो. दोन आठवड्यांनी तिचा फोन आला. तिच्या मैत्रिणीचे यजमान रात्री अत्यवस्थ झाले होते, मैत्रिणीने दवाखान्यातून नातवाच्या फोनवरून तीनदा कॉल केला आणि मावशीचा फोन एकदाही वाजला नाही. सकाळी यादीत लाल अक्षरांत तीन ओळी दिसल्या तेव्हा तिला कळले. तिने मला चांगलेच फैलावर घेतले. मी म्हणालो की मग काय करू, पुन्हा सगळेच वाजू दे का. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "सगळे कशाला? अनोळखी असेल तर एकदा हळू वाजावं, मग थांबावं. खरं काम असलं तर तो माणूस लिहील की, मी अमक्याची अमकी म्हणून. मग मी उचलीन." पुढे कराडला गेलो तेव्हा तसे बटण मी तिच्या फोनमध्ये बराच वेळ शोधले. सापडले नाही. शेवटी ती सोय बंद करून फोन तिच्या हातात परत दिला.